ठेवणीतली गाडी

आमच्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, ठेवतात. आईच्या कपाटात काचेच्या बशांचा एक सेट होता, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की आई त्यांच्याकडे एकदा बघायची, मनाशी काहीतरी ठरवायची आणि स्टीलच्या ताटल्या काढायची. माझा लग्नातला शालू मी दोनदा नेसले. तिसऱ्यांदा घडी उलगडली तेव्हा घडीवरच तो विरला होता. हे सगळं अकोल्याला ठेवून आपण अमेरिकेला आलो असं मी समजत होते. त्र्यंबकने ते न सांगता सामानात भरून आणलं होतं हे मला मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आल्यावर कळलं.

त्र्यंबक माझा नवरा. अकोल्यात मी त्याला अहो म्हणायचे, मिशिगनच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याचं अरे झालं; इतक्या थंडीत कोण कोणाला मान देत बसणार. तो गाड्यांची दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि त्याचं काम होतं लोखंड गंजवणं. खरंच. कारखान्यात एक मोठी बंद पेटी होती, तिला चेंबर म्हणत. आत पत्र्याचे तुकडे टांगून ठेवायचे आणि त्यांच्यावर कोमट, खाऱ्या पाण्याचं धुकं सोडत राहायचं. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्या मिठाने गाडीचं जे कित्येक हिवाळ्यांत होतं ते चेंबरमध्ये काही आठवड्यांत होतं. कुठला पत्रा किती टिकला हे त्र्यंबक बघायचा. दिवसभर हेच बघितल्यामुळे त्याची नजर बिघडली होती. पार्किंग लॉटमधून चालताना तो लोकांच्या गाड्यांच्या दारांखाली वाकून बघायचा आणि चुकचुकायचा. मला लाज वाटायची.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मला लायसन्स मिळालं आणि त्याने माझ्यासाठी गाडी घेतली. कोरी, आकाशी रंगाची. स्वतः तो एक म्हातारी तपकिरी गाडी चालवायचा, तिच्या तळाला पडलेल्या भोकावर त्याने पत्रा ठोकला होता. मला मात्र कोरी. किल्ली हातात देताना तो म्हणाला, "ही तुझी. मी फक्त ऑइल बदलणार." असं कोणी कधी मला काही दिलं नव्हतं.

गाडीची दृष्ट काढायला शैलावहिनी जवळच्या ट्रॉय गावाहून आल्या. त्या नागपूरच्या, आणि आमच्या सगळ्या मराठी ग्रुपच्या वहिनी. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन त्या गाडीपुढे उभ्या राहिल्या, तर त्र्यंबक धावत आला.

"वहिनी, मीठ नको. नुसत्या मोहऱ्या ओवाळा."

"नुसत्या मोहऱ्यांची फोडणी होते त्र्यंबकराव, दृष्ट निघत नाही."

"पण मीठ गाडीजवळ आणू नका ना, प्लीज. माझ्या समाधानासाठी."

वहिनींनी मीठ परत पुडीत बांधलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्या उन्हाळ्यात मी खूप हिंडले. अकोल्याच्या कॉलेजात मी भूगोल शिकवत असे. जगातल्या सगळ्या नद्या मला पाठ होत्या आणि प्रत्यक्षात पूर्णेपलीकडे फारशी ओळख नव्हती. आता मी शेजारच्या सीटवर रोड अ‍ॅटलास उघडा टाकायचे आणि निघायचे. तळ्यांकडे, सफरचंदांच्या बागांकडे, आणि आठवड्यातून दोनदा तरी गावच्या लायब्ररीकडे. तिथल्या मिसेस कोवाल्स्की मला नकाशांच्या खोलीत बसू द्यायच्या. खिडक्या उघड्या टाकून घरी येताना मी मोठ्याने गायचे. आवाज वाईट आहे माझा, पण गाडीला चालत होता.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि पाठोपाठ मिठाचा ट्रक गेला. त्याच्या मागच्या चकतीतून खडे उडत होते आणि रस्ता पांढरा पडत चालला होता. त्र्यंबक खिडकीत उभा राहून बघत होता. ट्रक वळला तसा तो म्हणाला, "सुनेत्रा, आता एप्रिलपर्यंत तुझी गाडी आत."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे गराजमध्ये. झाकून. पहिलीच गाडी आहे तुझी, तिची वाट लावायची का?"

झाकायला प्लॅस्टिक चालणार नव्हतं, खाली घाम धरतं म्हणे. कॉटन हवं, कॉटन ब्रीद करतं. माझ्याकडे सुती साड्यांची चळत होती, या थंडीत त्या नेसणार कोण. मीच त्या मशीनवर एकाला एक जोडल्या. मोरपंखी, डाळिंबी, हळदीच्या रंगाची, एक चिंतामणी रंगाची मावशीने दिलेली. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून तो प्रचंड पदर गाडीवर सोडला आणि माझी गाडी ठेवणीत गेली.

लायब्ररीचा फोन आला तो ख्रिसमसच्या आधी. नकाशांच्या खोलीतली बाई फ्लोरिडाला निघाली होती. तिच्या जागी मी येईन का, असं मिसेस कोवाल्स्की विचारत होत्या. आठवड्यातून चार दुपारी, जानेवारीपासून. मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. लग्नानंतर पहिल्यांदा कोणी मला माझ्या भूगोलासकट बोलावत होतं.

त्र्यंबकला आनंद झाला. खोटं नाही सांगत, खरा आनंद झाला. मग तो म्हणाला, "पण एप्रिलपासून कर ना."

"एप्रिलपर्यंत कोण थांबेल माझ्यासाठी?"

"विचारून तर बघ. मी ड्रॉप केलं असतं, पण मी पहाटे जातो तो संध्याकाळी येतो आणि प्लँट उलट्या दिशेला. बस नाही."

"गाडी आहे ना."

"रस्ता बघितलास? सगळा पांढरा आहे यार. दोन-तीन सीझन अशी चालवली तर दारांना भोकं पडतील. मी रोज बघतो ते. तुझीच गाडी आहे, तुझ्यासाठीच सांभाळतोय ना मी?"

एखाद्याने आपल्यावर अन्याय केला तर भांडता येतं. प्रेमाने कुलूप लावलं तर किल्ली मागायलाही कृतघ्न वाटतं. मिसेस कोवाल्स्कींनी फेब्रुवारी संपेपर्यंत जागा धरून ठेवते म्हणून सांगितलं, त्यापुढे मात्र त्यांचा नाइलाज होता. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी तिचं नाव काढणंच सोडून दिलं.

जानेवारीच्या एका दुपारी मी गराजमध्ये काहीतरी आणायला गेले आणि काय आणायचं ते विसरले. साड्यांचं टोक उचललं, दार उघडलं आणि गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू केलं नाही, बंद गराजमध्ये ते करायचं नसतं एवढी अक्कल होती. नुसती बसले. गराजला एक लहान खिडकी होती, तिच्यातून बर्फावरचं ऊन आत येत होतं. ते साड्यांतून झिरपलं आणि माझ्या हातांवर मोरपंखी होऊन पडलं. मागच्या सीटवर डाळिंबी संध्याकाळ झाली होती आणि समोरच्या काचेवर हळद सांडली होती. बाहेरचा एक आवाज येत नव्हता. मी स्टीअरिंगवर हात ठेवले आणि निघाले.

मग रोजच निघायला लागले. जेवण झालं की अ‍ॅटलास घ्यायचा, शाल गुंडाळायची आणि आत शिरायचं. उत्तरेकडे जायचे, मॅकिनॉच्या लांब पुलावरून, दोन्हीकडे गोठलेलं पाणी आणि मध्ये मी. पूल संपायचा तिथे चिखलदऱ्याचा घाट लागायचा. त्यात मला काहीच वावगं वाटायचं नाही. वळणावर सागाची पानं पडलेली असायची, गुरं आडवी यायची, मी हॉर्न न वाजवता थांबायचे. एकदा एका गुराख्याने मला मिनेसोटाचा रस्ता विचारला आणि मी तो बरोबर सांगितला.

कधी मी खाली जायचे. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, रस्त्यावर टाकायचं मीठ तिथूनच काढत. ती नुकती बंद पडली होती. खाली मैलोन् मैल पांढरे बोगदे आहेत असं मी लायब्ररीतच वाचलं होतं. तिथून मी गाडी हाकायचे. छतही पांढरं, जमीनही पांढरी, माझ्या दिव्यांत भिंती लुकलुकायच्या. कुठे वारा नाही, पाऊस नाही. पुढे रस्ता रुंद व्हायचा आणि तिथे माझ्या कॉलेजातल्या मुली वह्या घेऊन मिठावर बसलेल्या असायच्या. मी काच खाली करून त्यांना समुद्र कसा आटतो ते शिकवायचे. डोळे उघडले की गाल ओले लागायचे. रडले म्हणावं तर दुःख आठवत नसे.

एका दुपारी त्र्यंबक ताप आला म्हणून लवकर घरी आला. गराजचं दार वर गेलं, त्याची तपकिरी गाडी आत आली, आणि साड्यांमधून त्याला मी दिसले असणार. मी हललेच नाही. हा आता हसेल किंवा रागावेल असं वाटलं. त्याने साडी बाजूला करून काचेवर टकटक केलं.

"थंडी नाही का वाजत?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना तो दुकानात गेला आणि गराजसाठी इलेक्ट्रिक हीटर घेऊन आला. माझ्या गाडीपासून जरा अंतरावर त्याने तो मांडला, वायर कुठे अडकणार नाही ना ते बघितलं. म्हणाला, "आता आरामात बस." त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. याच्या इतकं प्रेम माझ्यावर कोणी केलं नव्हतं आणि याच्या इतकं कोणी मला चुकीचंही समजलं नव्हतं.

हीटरमुळे माझे प्रवास लांबले. गराजमध्ये ऊब असायची, काचांवर वाफ धरायची आणि मी ढगांतून जायचे. त्या वाफेवर बोटाने मी नद्या काढायचे. मिसिसिपी, खाली तापी, मग दोन्ही ओघळून एक व्हायच्या. त्र्यंबक संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या गाडीच्या चाकांमागे चिखलासारखा बर्फ थापलेला असायचा. रात्रभर तो गळत राही. सकाळी त्याचं काळपट पाणी फरशीवर पसरलेलं दिसे, पण गराजमध्ये पाणी असायचंच. मला काय, मी कुठल्या कुठे असायचे. फेब्रुवारी कधी लागला ते मला शैलावहिनींच्या फोनवरून कळलं.

"त्या नोकरीचं काय गं झालं?" त्यांनी विचारलं.

"गाडी नाही ना वहिनी."

"गाडी नाही कशी? माझ्यासमोर घेतली की."

"ठेवणीतली आहे ती."

वहिनी म्हणाल्या, "आणि तू?" मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी छान ऊन पडलं. त्र्यंबक पेपर वाचत होता. मी गाडीत जाऊन बसले आणि पायांखाली पचकन झालं. काचांवरची वाफ ओघळून खालचा गालिचा ओला झाला होता. मी उतरले, वाकले. फरशी माझ्या बाजूला खचलेली होती आणि उतार माझ्या गाडीकडे होता, हे इतक्या दिवसांत मी पाहिलं नव्हतं. त्र्यंबकच्या गाडीचं पाणी माझ्या गाडीखाली येऊन साचत होतं, आणि साड्यांचे काठ त्यात बुडले होते. मावशीच्या चिंतामणी साडीला गुडघाभर उंचीपर्यंत एक पांढरी, कडक किनार चढली होती. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

मी त्याला हाक मारली. तो पेपर हातात घेऊनच आला. साडीचा काठ बघितला, तो वर उचलला आणि गुडघ्यांवर बसला. दारांच्या खालच्या कडेने, बिजागऱ्यांपाशी, चाकांच्या आत, सगळीकडे तांबूस सुटलं होतं. त्याने नखाने एका जागी खरवडलं. रंगाचा पापुद्रा त्याच्या बोटावर आला. त्याने गाडी ढकलून पाहिली, चाकं जागची हलली नाहीत. ब्रेक गंजून धरले होते. मग तो हीटरकडे बघत राहिला, ओल्या साड्यांकडे, वाफ धरलेल्या काचांकडे. काचेवर माझी तापी होती.

"हा चेंबर आहे," तो म्हणाला. "गरम, दमट, खारट. सुनेत्रा, मी घरात चेंबर बांधला."

"आणि मला आत बसवलंस," मी म्हणाले.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. मला त्याची दयाही येत होती; दिवसभर दुसऱ्यांचा गंज मोजणारा माणूस, आपल्याच फरशीवर असा बसलेला. पण आता तोंड उघडलंच होतं.

"तू गाडीला वाचवत होतास तेव्हा मी इथे बसून कुठे कुठे जात होते ठाऊक आहे? आपल्या गावची लायब्ररी सोडून सगळीकडे. मला तिथे जायचंय त्र्यंबक. खरोखरच्या रस्त्याने."

"आता या महिन्यात बाहेर काढली तर आणखी..."

"गंजू दे."

"सडेल ती. चार-पाच वर्षांत सडेल."

"सडू दे. चालता चालता सडू दे."

मला वाटलं आता हा उठून आत जाईल, आणि आपलं हे असंच राहील, चांगलं, झाकलेलं. तो उठला. हीटरचा प्लग काढला. मग साड्या एका टोकाने ओढायला लागला, आणि मी दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत तो गाडीखाली आडवा पडून हातोडीने टकटक करत होता. मी बॅटरीचा उजेड धरून बसले होते. एकदा फक्त आतून आवाज आला, "त्या बाई जागा देतील ना अजून?" मी म्हटलं, उद्या जाऊन विचारते.

सोमवारी नेमका पुन्हा बर्फ पडला आणि मिठाचा ट्रक दुपारपर्यंत दोनदा फिरून गेला. त्र्यंबकने सुट्टी घेतली होती. ब्रेक नीट लागतायत हे स्वतः बघितल्याशिवाय तो मला सोडणार नव्हता. बर्फातून रिव्हर्स घ्यायची मला कधी सवय नव्हती. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मधून मी नागमोडी मागे येत होते आणि तो उघड्या डोक्याने रस्त्यात उभा राहून हातांनी डावी-उजवी दाखवत होता. मागचं चाक ढिगात शिरलं. त्याने फावड्याने ते मोकळं केलं. दुसऱ्यांदा शिरलं तेव्हा मला घाम फुटला, आणि परत आत न्यावी असं, शप्पथ, मनात आलं. तिसऱ्यांदा मी रस्त्यावर आले.

मी डोळे मिटून किती देश पालथे घातले होते, पण लायब्ररी इतकी लांब असेल असं वाटलं नव्हतं. खाली मिठाचे खडे पत्र्यावर ताडताड उडत होते. काच पांढरी व्हायची, मी पाणी मारायचे, पुसायचे, परत पांढरी. सिग्नलला थांबले तर मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. बाहेर एकच रंग होता, मळका पांढरा, आणि तो सगळा खरा होता. मी इतकी खूश होते की दात एकमेकांवर आपटत होते.

मिसेस कोवाल्स्कींनी नकाशांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि परवापासून या म्हणाल्या. मी तिथेच खुर्चीवर बसून घेतलं. त्यांनी कॉफी आणून दिली, काही विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. गाडी चाकांपासून काचांपर्यंत मिठाने माखली होती, आकाशी रंग शोधावा लागत होता. त्र्यंबक दारातच उभा होता. मी त्याला ओळखून आहे. वाटलं, आता हा आधी वाकणार. तो पायऱ्या उतरून आला तो सरळ माझ्या दाराकडे. चाकांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"काय म्हणाल्या?"

"परवापासून ये म्हणाल्या."

त्याचा चेहरा असा काही फुलला की मला त्याच्याकडे बघवेना. "गाडी आत नको घेऊस," तो म्हणाला. "बाहेर थंडीत राहू दे. थंडीत गंज हळू चढतो. रविवारी खालून कोमट पाण्याने धुऊ." मग त्याने हात पुढे केला. "किल्ली दे जरा."

माझा हात किल्लीवर घट्ट झाला. ते त्याला दिसलं असणार. "देतो परत," तो म्हणाला.

मी दिली. तो गाडीत बसला, गाडी रस्त्यावर नेली, पुढे-मागे करत तिथल्या तिथे वळवली आणि बर्फाच्या ढिगांमधून उलटी आत आणून उभी केली, तोंड रस्त्याकडे करून. उतरला. हाताला लागलेलं मीठ पँटला पुसलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"परवा रिव्हर्स घ्यायला नको तुला," तो म्हणाला.